अक्का, छत्री उनासाठीच ठेवलीया

अक्का, आदी एक सांगून टाकतो, न्हायतर पुढचं बोलता यायचं न्हाय. तुमाला माती द्यायला आमी सगळी आलो, तवा माज्या मुठीतली माती तितली नव्हती. आपल्या माळावरची हुती. सकाळी निगताना धोतराच्या सोग्यात बांदून आनली हुती. टाकताना काय वाटलं न्हाय. टाकल्यावर मातर घाम फुटला. म्हनलं, बिराप्पा, मेलास आता. संस्थेची माती, ठराव न्हाय, सही न्हाय, आन तू परस्पर उचलून आनलास. आता अक्का उटून बसत्यात आन म्हनत्यात, "कुणाला विचारून आणलास रे? कुठल्या खर्चात टाकू ही?"

तुमी उटला न्हाय. तवा मला खरं वाटलं की तुमी गेलाव.

त्याच्या आदी मी काय दिवं लावलं तेबी ऐका. तुमचं जुळे सोलापूर म्हंजी एक घर बगावं आन दुसरं इसरावं. सगळ्या बिल्डिंगा एका आईच्या. मी रिक्षातनं उतरलो, एका जिन्यापाशी चपलाच चपला दिसल्या. म्हनलं हेच. वर गेलो, दारातच फतकल मारली आन गळा काडला. "अक्का गं, आमाला सोडून कशा गेलाव!" आत बाया गप झाल्या. एक म्हातारी आली, माज्या हातावर घुगऱ्या ठेवल्या आन म्हनली, "बाबा, हितं बारसं आहे." तशाच घुगऱ्या मुठीत घिऊन मी तुमच्या दारात आलो. एका मुठीत घुगऱ्या, सोग्यात माती. तुमी बगितलं असतं तर हसून हसून खोकला लागला असता.

मला लिवता येत न्हाय हे तुमाला ठावं हाय. सही तेवडी तुमीच शिकिवलाव. ती बगून बँकेतला मानूस म्हनला हुता, "ही सही आहे का कोंबडी चालून गेली?" म्हनून हे समदं मी फोनमदी बोलायलोय. आपलं अध्यक्ष, गुर्जी, उतरवून घेत्याल आन संस्थेच्या वर्साच्या पुस्तकात छापत्याल. गुर्जींनी आदीच सांगून ठेवलंया, "बिरा, अक्कांचं शिक्षण, नोकरी, जन्मगाव, ते मी लिहितो. तू तुझं बोल." म्हंजी खरं ते गुर्जींकडं, आन उरलं ते माज्याकडं.

वाचनाऱ्याला मातर थोडं सांगायला पायजे. सोलापुरास्नं टेंभुर्णीकडं निगालं की डाव्या हाताला आमचा माळ. एस्टीतला मानूस खिडकीतनं बगतो आन म्हनतो, "हितं तर काहीच न्हाय." ते काहीच न्हाय म्हंजी काय, तेच आमी राखतो. गवत हाय. गवतात ससं, खोकडं म्हंजी बारकी कोल्ही, चंडोल, कदीमदी लांडगा. आन गवताचं बी पडून गेलं की आमच्या धनगरांच्या मेंढरांची चराई. अक्का संस्थेच्या खजिनदार, मी राखनदार. पैसा त्येंच्या ताब्यात, गवत माज्या. आन ह्या दोनीत रोज भांडान.

अक्का, तुमचं बोलनं आटवतंय का, पैशाच्या जातीचं? मी एकदा इचारलो हुतो, "अक्का, बँकेत संस्थेचा पैसा हाय म्हनताव, आन मला एक सायकलीचा टायर घिऊन देत न्हाय. पैसा हाय का न्हाय, एक काय ते सांगा की." तुमी म्हनलाव, "खडे गोळा कर, दाखवते." आता मी आळशी. खडं वाकून शोदायला लागत्यात. लेंड्या जागेवरच पडलेल्या. पटक्यात भरून आनल्या आन तुमच्याफुडं ओतल्या. तुमी नाकाला पदर लावलाव, पन मागं सरला न्हाय. काटकीनं ढीग पाडाय लागलाव.

"हा ढीग जाळपट्ट्याचा. उन्हाळ्याच्या आधी कडेकडेनं गवत कापून मोकळी पट्टी काढायची, वणवा आत यायला नको म्हणून. देणाऱ्यानं सांगितलंय, ह्यालाच वापरा. हा दावणीचा पैसा. बांधलेला. मग हा कशाला वापरायचा?"

"जाळपट्ट्याला."

"तुझा टायर फुटला तर?"

"त्यातनं थोडं..."

"बेडा."

तुमी अक्कलकोटकडच्या. सगळं मराटी बोलायचाव, पन 'नको' मातर कानडीत. बेडा. त्येच्यापुढं कुनाचं काय चालत नव्हतं. बेडा म्हनलं की गाडी थांबली, फाटक पडलं.

दुसरा ढीग त्या घरांचा, जी पावसाळ्यात आपली मेंढरं बंद भागात घालत न्हाईत. त्येंच्या चाऱ्याला. तिसरा जमिनीच्या मोजनीला आन वकिलाला. चौथा मोकळा. "हा मोकळा. ह्याला दावं नाही. ह्यातनं तुझा पगार, तुझा टायर, सगळं. पण मोकळं सोडून देणारे लोक कमी असतात बिराप्पा. सगळ्यांना आपलं दावं घालायचं असतंय." आन हापिसाच्या खर्चाला तुमी एकच लेंडी ठेवलाव. मी म्हनलो, "एकच?" तुमी म्हनलाव, "ऑफिस गुरुजींच्या घरात, पंखा गुरुजींचा, चहा गुरुजींच्या बायकोचा. अजून अर्धी काढता येईल."

आन तवाच देनगी देनाऱ्या कंपनीचा सायेब माळ बगायला आला. पांढरी फेक पँट. गाडीतनं उतरला आन बगतो तर खजिनदार बाई उनात बसून लेंड्या मोजत्यात. त्यानं इचारलं, "मॅडम, हे काय?" तुमी मान वर न करताच म्हनलाव, "ताळेबंद."

मला त्याचा अर्थ नंतर कळला. तवा मला वाटलं लेंड्यांना विंग्रजीत ताळेबंद म्हनत्यात. लई दिवस मी बायकूला म्हनायचो, "लक्षे, अंगनातला ताळेबंद झाडून काड."

त्येच सायेब पुढच्या वर्सी झाडांचा पैसा घिऊन आलं. गुर्जींचा फोन आला, "बिरा, पैसा आलाय. झाडं लावायची म्हणतात." बास. मला कुटं दम. झाडं म्हंजी पुन्य, आन मला एका कडूलिंबाची सावली पायजे हुती. भाऊ, चुलतभाऊ, पावनं, सगळी गोळा केली. कुदळी घेतल्या आन तुमी याच्या आदी अर्दा माळ उकरून ठेवला. मधला खड्डा माज्या लिंबाचा. त्यात मी बसून बी बगितलो, सावली कुटवर यील त्याचा अंदाज घ्यायला.

तुमी स्कुटीवरनं आलाव. हेल्मेट काडलाव. घातलाव. परत काडलाव.

"हे काय केलास?"

"खड्डं."

"ते दिसायलंय मला. कशाला?"

"झाडं अक्का. पुन्य हाय की."

"कुणाचं पुण्य? चंडोलाचं घरटं जमिनीवर असतंय. झाड आलं की कावळा वर बसणार आणि अंडी हेरणार. सावलीत गवत मरणार. मग तुझी मेंढरं काय खाणार, पुण्य?"

"मंग पैसा?"

"बेडा. परत."

अक्का, मी जल्मात पैसा परत जाताना बगितला नव्हता. पैसा येताना बगितला नव्हता म्हना, पन परत जाताना तर न्हाईच.  सायेब चिडलं, "इतक्या संस्था रांगेत आहेत" म्हनलं आन गेलं ते गेलं. आन तुमी माज्याकडं वळलाव, "पैसे परत केले. खड्डे परत कसे करू? बुजव." मी थोडं बुजवलो, मंग कंबर धरली. माळाची माती वीतभर, खाली मुरूम. एकदा वर काडलेलं परत तसं बसत न्हाय. ऱ्हायलेल्या एका खड्ड्यात खोकडानं बीळ केलं. आन तवापास्नं दर वर्साला माळावर ताडपत्री हातरून, सगळ्या मेंढक्यांफुडं तुमी हिशोब वाचायचाव, कुटनं आला, कुटं गेला, आन शेवटाला चष्मा सरळ करून म्हनायचाव, "बिराप्पाचे खड्डे. खर्च शून्य. उत्पन्न एक खोकड." सगळी मेंढकी हसायची. मी बी हसायचो. मी नसतो हसलो तर आनकी हसली असती.

सायबाचा पैसा गेला त्येच्या दुसऱ्या वर्सी पाऊस दडला. मोकळा ढीग आटला. माजा पगार थांबला. तवा आपलं जे भांडान झालं ते अजून मिटलं न्हाय, आन आता मिटनार बी न्हाय, कारन तुमी मधीच उटून गेलाव.

मी म्हनलो, "बँकेत ठेव हाय की. ती मोडा."

तुमी म्हनलाव, "ठेव मोडायची नाही. ती तुझ्या मेंढरांसारखी आहे. व्याज म्हणजे लोकर. लोकर कातरायची, मेंढी ठेवायची. मेंढी कापून खाल्लास तर पुढच्या वर्षी लोकर कुणाची कातरणार?"

मी म्हनलो, "अक्का, तुमी लिंगायत. जल्मात मटनाचा वास घेतला न्हाय. मेंढी कापायचं तुमी मला सांगू नगा. आमी दुस्काळात मेंढी इकतो, कापतो, पोरं जगवतो, आन उरलेल्या दोन मेंढ्यांवर परत कळप हुबा करतो. तुमची ठेव जगंल आन राखनदार मरंल."

तुमी चष्मा पुसलाव. मंग म्हनलाव, "तू म्हणतोस त्यात पण आहे काहीतरी. पण बेडा."

मी अबोला धरला. निरोप लक्षीकडनं. "अक्कांना सांग, पूर्वेच्या कडंला तार तुटलीया." लक्षी तुमच्याकडं तोंड करून सांगायची, तुमी माज्याच शेजारी बसलेल्या. मंग तुमी लक्षीला सांगायचाव, "त्याला सांग, ऐकू आलं." मंग व्याज आलं, पगार झाला, पाऊस बी पडला. तुमी एकदाबी म्हनला न्हाय, 'बघितलास का?' म्हनला असता तर बरं झालं असतं. मला भांडायला तोंड मिळालं असतं. अजून बी मला वाटतं त्या वर्सी मीच बरूबर हुतो. आन अजून बी मला वाटतं, ती ठेव मोडली असती तर आज पगाराला व्याज कुटनं आलं असतं. ही दोनी एकाच डोक्यात कशी ऱ्हात्यात, ते तुमाला इचारायचं ऱ्हाऊन गेलं.

आन दुसरं भांडान लिंबाचं. मागल्या उनाळ्यात तुमाला माळावर भोवळ आली. आसपास सावली म्हनाल तर तुमच्या स्कुटीची, आन माजी. मी पटका सोडून वर धरलो, लक्षीनं पानी मारलं. डोळं उघडल्या उघडल्या मी सुरू केलो, माणसाला जरा तरी दम धरायला पायजे, पन न्हाय.

"एक लिंब, अक्का. एकच. माज्या पैशानं लावतो."

"पैसा तुझा. जागा तुझी कुठं आहे? गवताची आहे."

"तुमाला भोवळ आली की!"

"मला आली. गवताला आली का?"

पुढच्या खेपेला तुमी छत्री आनलाव. काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची. तुमच्या मालकांची, सायबांची. ते गेल्यापास्नं कपाटावर पडलेली. म्हनलाव, "घे. ही तुझं झाड. उन्हाला."

मी म्हनलो, "आन पाऊस आला तर?"

"पावसाला तुझं घोंगडं आहे. ही दावणीची. उन्हासाठी दिली, उन्हालाच वापरायची." आन असं हसलाव की दात दिसले. मी छत्रीला सलाम ठोकलो.

त्याच दिवशी, निगताना, स्कुटी चालू करून परत बंद केलाव. म्हनलाव, "बिराप्पा, हो म्हणणारे लई मिळतात. हो म्हणायला काय लागतंय? माझ्या मागं नको कोण म्हणणार?"

मी काय म्हनलो आटवतंय? "अक्का, आमची लक्षी हाय की. लगीन झाल्यापास्नं ती मला दुसरं काय म्हनलीच न्हाय." तुमी हसलाव, हेल्मेट घातलाव, गेलाव. परश्न मातर तितंच हुबा ऱ्हायला. मला काय ठावं, त्यो मलाच इचारला हुता. मी आपला टाळी घिऊन मोकळा.

मंग तुमी खरंच गेलाव. तिकडं तुमचं इधी झालं, आन शिमग्याच्या आदी तुमचा श्रीशैल पुण्यास्नं गाडी घिऊन माळावर आला. गुर्जी संगं. पोरगं वाळलं हुतं अक्का. गाडीची डिकी उघडली. आत रोपं. वड, चिंच, आन अक्का, एक लिंब. चांगला गुडघ्याएवडा, तजेलदार. माजा लिंब.

"बिराप्पाकाका, आईच्या नावानं इथं झाडं लावायची. कुंपण, पाण्याचा टँकर, सगळा खर्च मी देणार. दरवर्षी देईन."

आता आमची गत सांगतो. मोकळा ढीग संपलेला, व्याज यायला अजून येळ. जाळपट्ट्याचा देनारा ह्या साली आला न्हाय, म्हनून जाळपट्टा निगालेला न्हाय. गवत वाळून कमरंएवडं, आन रस्त्यावरनं जानाऱ्या कुनाच्या बी इडीचं थोटूक पुरं. माजा पगार पुढच्या म्हैन्याचा कुटनं यील ते गुर्जींना ठावं नव्हतं, मला तर न्हाईच. गुर्जी मला कडंला घिऊन कानात म्हनले, "बिरा, घेऊ या. कडेला चार झाडं लावू."

"आन बाकीचं जाळपट्ट्याला?"

"तसं कसं? झाडांसाठी देतोय. झाडांनाच जायला पाहिजे."

तुमचीच शिकवन. तुमी गुर्जींना सुदा बांदून ठेवलाव.

गुर्जी माज्याकडं बगायले. श्रीशैल माज्याकडं बगायला. लिंब सुदा माज्याकडं बगायला. आन मी तोंड उघडलो, व्हय म्हनायला, देवाशपत व्हय म्हनायलाच. आन तोंडातनं आलं, "बेडा."

मला कानडी येत न्हाय अक्का. तेवडा एकच शबुद येतो, तुमच्याकडनं खाऊन खाऊन पाट झालेला. श्रीशैल दचकला. त्येला वाटलं तुमीच मागं हुब्या हाव. इकडंतिकडं बगितला. मंग म्हनला, "काय म्हणालात?"

"न्हाय, म्हंजी... नगं म्हनलो. झाडं नगंत हितं."

"माझ्या आईसाठी एक झाड नको? एवढी वर्षं ती उन्हात आली इथं. एक पण नको?"

काय सांगू त्येला? चंडोलाचं तुमी सांगितलेलं, कावळ्याचं सांगितलेलं, सगळं डोक्यातनं उडालं. एरवी मी मयताला सुदा हसवनारा. तवा एक इनोद आटवंना. गप त्येचा हात धरलो आन खड्ड्यापाशी न्हेलो. म्हनलो, "हे मी केलं हुतं. झाडासाठी. आईनं तुमच्या..." आन बोटानं खड्डा दाकिवलो.

त्यो बगत ऱ्हायला. "हे ते खड्डे? म्हणजे ते बिराप्पा तुम्हीच?"

"व्हय. का?"

"आमच्या घरात कुणी न विचारता काही केलं की आई म्हणायची, बिराप्पाचा खड्डा केलास. मी बायकोला न विचारता फ्रीज घेतला, तेव्हा पण म्हणाली. माझ्या मुलीला सुद्धा माहीत आहे. मला वाटायचं ही म्हणच असते."

अक्का, ही मातर हद्द झाली. मला वाटायचं माळावर माजी अब्रू गेली. तुमी ती पुण्यापतुर पोचवलाव.

त्यो हसला. मोट्यानं हसला. मंग हसता हसता खड्ड्याच्या कडंलाच बसला आन रडाय लागला. ऊन डोक्यावर. मी छत्री उघडलो आन त्येच्यावर धरलो. डोळं पुसून त्यानं वर बगितलं, दांडा बगितला, मूठ बगितली.

"ही बाबांची."

"व्हय. आईनं दिली. उनासाठी."

त्यानं मुठीवरनं बोट फिरवलं.  बिळातनं खोकडानं तोंड बाहीर काडलं, आमाला बगितलं आन परत आत. आलेलं पावनं त्येला पसंत पडलं नसनार.

रोपं परत डिकीत गेली. जाताना लिंबाच्या पानावरनं मी हात फिरवलो, कुनी बगत नव्हतं तवा. पैशाचं त्यो काय बोलला न्हाय. गाडी गेली, आन गुर्जी माज्यासंगं रस्त्यापतुर चालत आले. शेवटाला म्हनले, "बिरा, अक्का गेल्या म्हणून मला वाटलं होतं आता जरा हो म्हणता येईल."

मी म्हनलो, "मला बी."

जाळपट्टा आमीच काडलो, रस्त्याच्या बाजूचा तेवडा. चाऱ्याचा पैसा घेनारी घरं इळं घिऊन आली. बाया आल्या. गुर्जी आले, हाताला फोड आनून घेतले आन पोरांना दाकवत फिरले. मी पयल्याच दिवशी इळा अंगट्यावर मारून घेतला आन उरलेले दिस बसून दुसऱ्यांना कसं कापायचं ते सांगितलं. वरची बाजू ऱ्हाऊनच गेली. रोज उटून तिकडं बगायचो, धूर दिसतो का. झोप नव्हती. नको म्हननं एवडं म्हाग असतंय, ते तुमी एकदाबी सांगितला न्हाय अक्का. तुमी बेडा म्हनून स्कुटीवर बसून जायचाव, मला वाटायचं घरी जाऊन निवांत झोपत असाल. आता वाटतंय, झोपत नसाल.

मंग गुर्जींचा फोन आला. श्रीशैलनं पैसा पाटिवला.

"कशासाठी?" मी इचारलो. आता मला बी सवय.

"विचारलं मी. म्हणाला, आईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं, तुमचं तुम्ही बघा. मोकळा आहे."

"सगळा?"

"सगळा. पण झाडांना देणार होता त्यापेक्षा लई कमी आहे रे."

"आसू द्या की. दावं न्हाय न्हवं?"

वरचा जाळपट्टा त्यातनंच निगाला. माज्या पगाराचं बी भागलं. आन रोपं त्यानं तुमच्या बिल्डिंगीफुडं लावली म्हनं. लिंब जिन्यापाशी. बरं झालं. आता मला जुळे सोलापुरात तुमचं घर चुकायचं न्हाय. बारशात जाऊन रडायला लागायचं न्हाय.

आन आता शेवटचं. काल वळीव आला. आदी वारं, मंग ढेकळाएवडं थेंब. मी माळाच्या मधोमद, घोंगडं घरात, आन काखेत तुमची छत्री. उघडायला हात लावला. आन थांबलो. तुमी दिलाव तवा काय म्हनलाव ते आटवलं. तसाच हुबा ऱ्हायलो, छत्री छातीशी धरून, डोक्यावरनं पानी गळायलंय. तिकडं झोपडीच्या दारातनं लक्षी वरडली, "आवं, येडं झालाव का? हातात छत्री हाय की!"

मी म्हनलो, "ही उनाची हाय."

अक्का, ती काय बोलली न्हाय. लगीन झाल्यापास्नं पयल्यांदा.

आता एकच अडचन हाय. मी भिजलो ते भिजलो, पन मिटलेली छत्री बी चिप्प भिजली. तशी ठेवली तर काड्या गंजत्याल, सायबांची वस्तू खराब हुईल. म्हनून झोपडीत न्हेऊन वाळवायला उघडून ठेवलीया. बाहीर आज बी पाऊस हाय, म्हंजी नियमात बसत न्हाय हे मला बी कळतंय. पन तेवडं मंजूर करा. त्या मुठीतल्या मातीचं आन ह्येचं, दोनीचं मिळून एकच ठराव करा.